हायब्रिड टी गुलाबाच्या नव्या जाती: चार खड्डे रिकामे आहेत, काय लावू?

काटेकोर:

नमस्कार मंडळी. आधी हिशेब देते, मग प्रश्न विचारते. नऊ वर्षांची वही आहे माझी. घरचे हसतात, हसोत.

वाफ्यात अकरा जागा. सात हायब्रिड टी उभे, चार खड्डे रिकामे. गेले ते असे: पापा मेयाँ, सुपर स्टार, डबल डिलाइट आणि एक पिवळा, ज्याच्या पाटीवरचं नाव पहिल्याच उन्हाळ्यात उडालं. पापा मेयाँला भुरीने, म्हणजे पानं पांढरी करणाऱ्या बुरशीने, मारलं असं नाही म्हणता येणार. भुरीने थकवलं आणि मग फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली आल्या. दर छाटणीला वाटायचं, आणखी दोन बोटं खाली हिरवं लागेल. शेवटी जमीन लागली. पिवळ्याची तऱ्हा वेगळी. पानावर एक काळा ठिपका, पण कड गोल नाही, झालर उसवल्यासारखी. त्याच्याभोवती पिवळं वलय. मग नुसता हात लागला तरी पान गळायचं. पावसाच्या दिवसांत तीन आठवड्यांत झाडावर काटे आणि कळ्या एवढंच राहायचं.

उरलेले: पीस, मिस्टर लिंकन, फ्रेग्रंट क्लाउड दोन, एलिना, इन्ग्रिड बर्गमन आणि ब्लू मून. एलिना आणि इन्ग्रिडबद्दल वहीत फारसं काही लिहिलेलंच नाही, म्हणजे त्यांनी त्रास दिलेला नाही. ब्लू मूनने तर यंदा कमाल केली आहे. माझ्या डोक्याच्या वर गेलाय. दीड वर्ष फूल नाही, पण जोम असा की पुढच्या बहरात सगळं व्याजासकट फेडेल.

आता प्रश्न. नव्या जातींचे फोटो पाहून डोळे फिरतात. प्रत्येकीखाली ‘रोगप्रतिकारक’, ‘अतिसुगंधी’, ‘सतत फुलणारी’ असं लिहिलेलं. मागे एकदा फोटोत गर्द जांभळी दिसणारी जात मागवली होती. आली ती फिकट गुलाबी, आणि विक्रेता म्हणाला, ‘ऊन कमी पडलं असेल.’ तेव्हापासून विश्वास उडालाय. फवारणीचा पंप मला परत उचलायचा नाही, खांदा दुखतो आणि वासही सहन होत नाही. तर नव्या जाती खरंच जुन्यांपेक्षा निरोगी असतात का, की नाव नवं आणि पानं तीच? आणि वास?

पहिलाबहर:

ताई, बेव्हर्ली घ्या, डोळे मिटून! कोर्डेस या जाती तयार करणाऱ्यांची आहे, गुलाबी, आणि वास असा की बाजूने गेलं तरी थांबावं लागतं. माझ्याकडे तीन वर्षं आहे, पंप कुठे ठेवलाय तेही आठवत नाही. बाकीचं मोठी माणसं सांगतीलच.

डोळाभरणी:

काटेकोरताई, वही ठेवणाऱ्या माणसाला उत्तर द्यायला आवडतं. थोडं लांब होईल.

‘नवी जात’ हा शब्द आधी बाजूला ठेवू. हायब्रिड टी हा वर्गच १८६७ पासूनचा. ल्योंच्या गियोचा ‘ला फ्रान्स’ हा त्यातला पहिला धरतात. तेव्हापासून माणसांनी निवड केली ती फुलाची: उंच टोकाची कळी, लांब देठ, एका देठावर एक फूल. पानाकडे कोणी पाहिलंच नाही म्हणा ना. प्रदर्शनात देठासह कापलेलं फूल ठेवतात, झाडाचे पाय कोण बघतो? त्यात १९०० साली पेर्ने-दुशेने ‘सोलेय दोर’ आणला. हायब्रिड टीमधला आजचा झळझळीत पिवळा आणि केशरी बराचसा त्याच्यातून आला. तो रंग इराणकडच्या पिवळ्या रानगुलाबाकडून घेतला होता आणि त्या गुलाबाची पानं काळ्या डागांपुढे फार दुबळी. रंगाबरोबर तो दुबळेपणाही घराण्यात शिरला. तुमच्या पाटी उडालेल्या पिवळ्याला निदान एवढी सबब द्या.

पुढे रासायनिक फवारणी सोपी झाली आणि दुबळ्या पानांचं कोणाला काही वाटेनासं झालं. जात तयार करणारेच आपल्या शेतात फवारत होते. फवारलेल्या शेतात सगळीच रोपं हिरवी दिसतात, मग निवडणार काय? फरक पडला तो इथे. जर्मनीच्या कोर्डेसने १९९० च्या सुमाराला चाचणीच्या शेतात बुरशीनाशक मारणं थांबवलं. सुरुवातीला पुष्कळ रोपं गेली असणार, पण जी उरली तीच पुढच्या संकराची आईबाप झाली. तिथलीच एडीआर नावाची चाचणी आहे. वेगवेगळ्या हवामानाच्या ठिकाणी तीन वर्षं रोप लावतात, फवारणी अजिबात नाही, आणि मग गुण देतात. मला त्यातलं आवडतं ते हे, की एकदा दिलेलं चिन्ह पुढे जात ढेपाळली तर काढूनही घेतात.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: जात नवी आहे का हे विचारू नका, ती फवारणीशिवायच्या शेतात निवडली आहे का ते विचारा. तुमच्याच वाफ्यात पुरावा उभा आहे. एलिना १९८० च्या दशकातली, इन्ग्रिड बर्गमन १९८४ ची. दोन्ही जुन्या, दोन्ही निरोगी. आणि कालपरवा आलेल्या कितीतरी जाती फुलवाल्यांच्या काचघरासाठी केलेल्या असतात, त्यांना उघड्यावर पाऊस म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. फोटो मात्र त्यांचेच सगळ्यात देखणे.

नावं हवीत तर तीन सांगतो. लाल हवा असेल तर ग्रान्दे आमोरे. कोर्डेसचा, एडीआर मिळालेला. वास मात्र बेताचा. फिकट गुलाबी, जवळजवळ पांढऱ्याकडे झुकणारा आणि वासाचा हवा तर फ्रान्सिस मेयाँ. अमेरिकेतली ऑल-अमेरिका रोज सिलेक्शन्स ही नव्या गुलाबांची स्पर्धा १९३८ पासून होती, तिच्या शेवटच्या म्हणजे २०१३ च्या विजेत्यांत हा होता. झाड उंच होतं, मागच्या रांगेत लावा. तिसरी बेव्हर्ली, ती पहिलाबहर यांनी सांगितलीच. चौथा खड्डा रिकामा ठेवा. कशासाठी ते नंतर सांगतो.

जांभळ्याच्या ठिकाणी गुलाबी आला, त्यावर एक उपाय आहे. पाटीवर मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात एक विचित्र शब्द असतो: कोरपाव्हियो, पोलमान, डिकयाना, तानेलिस. हे जातीचं नोंदणीचं नाव. शब्दाचा पहिला तुकडा म्हणजे जात तयार करणाऱ्याची खूण. कोर म्हणजे कोर्डेस, पोल म्हणजे पोल्सन, डिक म्हणजे डिक्सन, तान म्हणजे तांताऊ, मेई म्हणजे मेयाँ. विक्रीचं नाव देशोदेशी बदलतं. तुमचा पीस घ्या. फ्रान्समध्ये तो ‘मादाम ए. मेयाँ’, जर्मनीत ‘ग्लोरिया देई’, इटलीत ‘जोया’, आणि ‘पीस’ हे नाव त्याला १९४५ साली अमेरिकेत मिळालं. माणूस एकच, चार पासपोर्ट. नोंदणीचं नाव मात्र बदलत नाही. पीसच्या काळात ही पद्धत नव्हती, पण नवी जात घेताना ते नाव विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर रोप काय निघेल ते त्यालाही माहीत नाही असं समजा.

आता एक नाजूक गोष्ट. तुमचा ब्लू मून. ही जात जोमासाठी प्रसिद्ध नाही, कधीच नव्हती. दीड वर्ष फूल नाही आणि डोक्याच्या वर गेला म्हणता. नवी लांब फूट कलमाच्या गाठीच्या, म्हणजे जंगली खुंटावर जात जोडलेली असते त्या जागेच्या, वरून निघाली आहे की खालून? माती बाजूला करून बघा.

गंधहट्टी:

डोळाभरणी काकांशी अर्ध्या गोष्टीत सहमत. पण हे ‘निरोगी, निरोगी’ काय चाललंय? गुलाबाला वास नसेल तर मी कागदाचं फूल का लावू नये? त्याला तर पाणीही लागत नाही. पापा मेयाँ भुरीने पांढरा होतो, मान्य. पण सकाळी दहाच्या आत, दव वाळल्यावर लगेच, त्याचं एक अर्धवट उमललेलं फूल नाकाशी धरा. लिंबाच्या सालीसारखा एक धारदार वास आधी येतो आणि त्याच्या मागून जड, गोड असा. त्या एका फुलासाठी मी दर वर्षी ते आजारी झाड सांभाळतो. नव्या जातीत असं काही नाही. सगळ्यांना चहाच्या पाण्यात गुलाबाचा थेंब टाकल्यासारखा वास. तुम्ही वास आणि आरोग्य यातलं एक निवडायला लावता आहात.

डोळाभरणी:

गंधहट्टी, तुमच्या पापा मेयाँवरच एक मोठं संशोधन झालं आहे, ऐका. २०१५ साली फ्रेंच संशोधकांनी पापा मेयाँ आणि रूज मेयाँ शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही लाल. एकाला भरपूर वास, दुसऱ्याला जवळजवळ नाहीच. गुलाबी वासातला मोठा वाटा जिरॅनिऑल नावाच्या द्रव्याचा. बाकीच्या झाडांत ते ज्या एन्झाइमने तयार होतं, गुलाबाच्या पाकळीत काम त्याचं नाही असं दिसलं. गुलाबात ते काम करतं न्यूडिक्स कुळातलं एक एन्झाइम. या कुळातली मंडळी एरवी पेशीतली झाडलोट करणारी म्हणून ओळखली जात. म्हणजे झाडूवाल्यानेच अत्तर गाळावं, तसा प्रकार. पापा मेयाँत ते जोरात चालू असतं, रूज मेयाँत बंद.

यातून मला कळलेली गोष्ट अशी, की वासाचं कारण एकीकडे आहे आणि भुरीपुढे पान टिकतं की नाही याची कारणं दुसरीकडे. वास आला की रोग आलाच पाहिजे असा काही करार नाही. फुलवाल्यांसाठी जाती करताना वास गेला, कारण तिथे दहा दिवस टिकणारी पाकळी आणि प्रवासाला पुरणारा देठ एवढंच मोजत होते. वास कोणी मारला नाही. कोणी विचारलंच नाही, म्हणून तो गेला. आता लोक परत विचारताहेत. बेव्हर्ली आणि फ्रान्सिस मेयाँ ही त्याचीच उदाहरणं.

तरी तुमचं एक म्हणणं मी खोडणार नाही. तुम्ही लिहिलात तो लिंबाच्या सालीचा वास मलाही नव्या कुठल्या फुलात मिळालेला नाही. माझ्याकडेही पापा मेयाँ आहे. कुठे सांगू नका.

गंधहट्टी:

काका, मग आधी एवढं भाषण कशाला!

निळाई:

मध्येच विचारतो, राग मानू नका. निळा गुलाब खरंच आलाय का? बी विकणारे तर आकाशासारख्या निळ्या फुलांचे फोटो टाकतात. रिकाम्या खड्ड्यात तो लावला तर?

डोळाभरणी:

ते फोटो रंगवलेले आहेत, आणि हायब्रिड टी बियांपासून मूळ झाडासारखा येत नाही. दर बी वेगळं झाड देते. पाकीट घेऊ नका.

गुलाबात निळ्या रंगाचं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य तयारच होत नाही. जपानच्या सन्टोरी कंपनीने पॅन्सीच्या फुलातला जनुक गुलाबात घालून ते घडवलं, आणि २००९ पासून ‘अप्लॉज’ नावाने ती फुलं जपानमध्ये विकायला आणली. पाहिलं तर फिकट जांभळं. रंगद्रव्य निळं मिळालं, तरी पाकळीच्या पेशीतला रस आम्लाकडे झुकलेला असतो, म्हणून ते निळं दिसत नाही. बागेसाठी ‘निळा’ म्हणून मिळतो तो सगळा ब्लू मूनच्या गोतावळ्यातला, राखी-जांभळा. सुंदर असतो. निळा नसतो.

ओलीमाती:

सगळे जातीवर बोलताहेत, खड्ड्याबद्दल कोणीच नाही. ताई, जिथे गुलाब मेला तिथेच नवा गुलाब थेट लावू नका. मी ही चूक दोनदा केली. रोप चांगलं, मुळं चांगली, आणि लावल्यावर दोन वर्षं वीतभरच. ना मरत, ना वाढत. तेच रोप उपटून तीन हात पलीकडे लावलं तर सहा महिन्यांत कमरेएवढं. गुलाबाच्या जुन्या जागेतली माती नव्या गुलाबाला मानवत नाही. जागा बदलता येत नसेल तर दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल माती काढा आणि जिथे कधी गुलाब नव्हता तिथली माती, कुजलेलं शेणखत घालून, भरा. काढलेली माती भाजीला वापरा, तिला काही होत नाही.

दुसरं, पहिल्या वर्षी जातीवर मत बनवू नका. कलम जमिनीत बसायला वेळ लागतो. माझ्याकडच्या एका जातीचं पहिल्या वर्षीचं फूल झेंडूएवढं होतं. तिसऱ्या वर्षी तळहातात मावेना.

डोळाभरणी:

ओलीमाती यांचं शब्दशः खरं आहे. मी चौथा खड्डा रिकामा ठेवा म्हणालो त्यात हेही होतं, पण मुख्य कारण वेगळं. काळ्या डागाच्या बुरशीचे वेगवेगळे वंश आहेत. एका बागेत जी जात डागाला बधत नाही, ती दुसऱ्या बागेत वेगळ्या वंशापुढे पडते. चाचणीत उत्तम ठरलेली जातही तुमच्या वाफ्यात काय करेल ते तुमचाच वाफा सांगेल. म्हणून तीन लावा, तीन बहर पाहा, जी पानं धरून राहील तिचीच जोडी चौथ्या खड्ड्यात लावा. आणि पाणी पानावर नको, आळ्यात. डागाच्या बुरशीचा बीजाणू रुजायला पान साधारण सात तास सलग ओलं लागतं. संध्याकाळी झारीने अंघोळ घातलीत की रात्रभराची सोय तुम्हीच करून देता. भुरीला मात्र ओलं पान लागत नाही, ती कोरड्यातही येते. तिच्यासाठी झाडांत वारा खेळता ठेवा.

ताई, ब्लू मूनचं काय झालं?

काटेकोर:

काका, आत्ता मातीचे हात धुऊन बसले आहे.

आधी पानं मोजली. एका काडीवर सात. मी कुठेतरी ऐकलं होतं की पाच म्हणजे कलम आणि सात म्हणजे जंगली. मग मिस्टर लिंकनची मोजली, तर त्यावरही एक सात निघालं. म्हणजे ती परीक्षा काही खरी नाही.

मग खुरपं घेतलं. फांदीवर बोट ठेवून खाली खाली नेलं. गाठ लागली, मुठीएवढी. बोट गाठीच्या बाजूने पुढे सरकलं आणि आणखी चार बोटं खाली जाऊन थांबलं. सगळ्या, एकूण एक फांद्या तिथून आलेल्या. गाठ स्वतः कोरडी. खुरप्याने वाजवली तर ठक्क असा लाकडाचा आवाज. तिच्या वरच्या अंगाला अंगठ्याएवढं काळं खोड होतं. तो माझा ब्लू मून. कधी गेला कोण जाणे, कळलंच नाही.

दीड वर्ष खुंटाला खत घातलंय मी. वहीत ‘ब्लू मून, फार जोमदार’ असं तीन वेळा लिहिलंय, एकदा तर खाली रेघ मारून. तर मंडळी, चार नाही, पाच खड्डे. आता हा उपटायला कुदळ लागेल, मुळं भलतीच खोल गेली आहेत.

पहिलाबहर:

ताई, हसू नये पण ती खाली मारलेली रेघ…

डोळाभरणी:

उपटू नका! थांबा. मुळं खोल गेलेला, जागेला सरावलेला, निरोगी खुंट तुमच्याकडे आयता उभा आहे. माझं टोपणनाव काय आहे ते बघा. त्यावर डोळा भरा, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या फांदीवरचा अंकुर त्याच्या सालीत बसवा.

फुटींतली एक सरळ, पेन्सिलीएवढी ठेवा, बाकीच्या मुळापासून ओढून काढा, कापू नका, कापल्या की दुप्पट फुटतात. डोळा एलिनाचा घ्या, तुमच्या बागेत तिने स्वतःला सिद्ध केलं आहे. नवी जात असेल तर असं रोप विकायला करता येत नाही, हक्क राखीव असतात. एलिना जुनी आहे, आणि तुम्ही दुकान काढणार नाही. नुकत्याच पाकळ्या गळलेल्या फुलाची फांदी घ्या, तिच्या मधल्या पानांच्या बगलेतले डोळे चांगले भरलेले असतात. खुंटाच्या सालीवर इंग्रजी टीसारखा छेद, साल हलक्या हाताने उचलायची, डोळा आत सरकवायचा, डोळा मोकळा ठेवून पट्टी बांधायची. तीन आठवडे बघायचं नाही.

खुंटाची साल सुटते का हे आधी पाहा. डोळ्याच्या फांदीची तयारी ओळखायची खूण म्हणजे काटा. अंगठ्याने आडवा ढकला. वाकला किंवा साल घेऊन आला तर फांदी अजून कोवळी आहे, आठवडाभर थांबा. कट्कन तुटून आला आणि खाली स्वच्छ हिरवा डाग राहिला तर लगेच करा.

काटेकोर:

एलिनाच्या तीन फांद्यांवर पाहिलं. पहिला काटा वाकला. दुसऱ्या फांदीचा कट्कन आला. तिसरीचाही.

चाकू पोळवायला ठेवलाय.